भाड्यासाठी धावणं

लेकीच्या नावाने मॅरेथॉन धावायचं ठरवलं तेव्हा पैसे कशासाठी गोळा करायचे याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. यंत्रासाठी. रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढणारं यंत्र, आणि त्यावर छोटीशी पितळी पाटी: कै. कुमारी अमुक हिच्या स्मरणार्थ. ही हौस आपल्याकडे जुनीच आहे. आमच्या गावच्या शाळेत पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदारांच्या आईवडिलांची नावं रंगवलेली होती. पंखा सुरू झाला की गावातले सगळे कैलासवासी एकदम गरगर फिरायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो. स्वतःवर वेळ आल्यावर हसू आलं नाही. मलाही पाटी हवी होती.

त्यामागे हिशेब होता. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता, एएलएल. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो हाच. औषधं तिला वेळेवर मिळाली, पूर्ण मिळाली, आणि तरीही आजार उलटला. म्हणजे औषध कमी पडलं. मग पैसे जायचे ते औषधाकडे, यंत्राकडे, संशोधनाकडे. पेशंटच्या नातेवाइकांच्या राहण्याखाण्याला देणगी देणं म्हणजे अन्नछत्र चालवण्यासारखं, असं मला वाटायचं. पुण्याचं काम खरं, पण त्याने कॅन्सर थोडाच बरा होतो?

असं वाटण्याचं कारण आज कळतं. आम्ही साताऱ्याचे, पण मुंबईत आम्हाला घर होतं. लालबागला मामेभावाची खोली. त्याने ती आमच्या हवाली केली आणि स्वतः मित्राकडे जाऊन राहिला. परळचं रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर. रात्री-अपरात्री ताप आला की पोरीला खांद्यावर टाकायचं आणि टॅक्सीची वाटही न बघता निघायचं. या सोयीची किंमत मी कधी मोजलीच नाही, कारण ती मला मोजावी लागली नव्हती.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. या उपचारांत मूल सतत खाटेवर नसतं. केमो होते, पाठीतलं इंजेक्शन होतं, आणि डॉक्टर सांगतात, आता घेऊन जा, अमुक दिवशी या. कुठे घेऊन जायचं ते सांगत नाहीत. त्यांनी तरी काय सांगावं! इकडे केमोने मुलाचे काउंट पडलेले असतात, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली आलेल्या असतात की साध्या तापाचीही आणीबाणी होते. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. त्यामुळे पाणी उकळून द्यायचं, अन्न ताजं आणि घरचं द्यायचं, गर्दीत न्यायचं नाही, स्वच्छ संडास हवा. हे सगळं कागदावर लिहून मिळतं. आणि तो कागद हातात घेऊन कितीतरी आईबाप परळच्या फुटपाथवर, पुलाखाली पथारी टाकतात. मी त्यांच्या शेजारून रोज जात होतो. दिसत होते. पण ते उपचारांविना आहेत असं कधी मनात आलं नाही, कारण फाईल त्यांच्याही हातात होती.

ओपीडीच्या बाकावर आमच्या शेजारी बसायचा तो बीडकडचा. वॉर्डात आईबापांना स्वतःची नावं नसतात; मी 'हिचे पप्पा' आणि तो 'त्याचे पप्पा'. त्याच्या पोराला तोच आजार, तीच औषधं, आणि तब्येत आमच्या लेकीपेक्षा चांगली. पहिल्या महिन्यातच रिपोर्ट स्वच्छ आला होता. ते बघून मला त्याचा हेवा वाटला होता, हेही लिहून टाकतो. पुढे तो बाकावर दिसेनासा झाला. बरं झालं असेल पोर, गेले असतील गावाकडे, असं आम्ही दोघं नवराबायको म्हणालो आणि मग आमच्याच व्यापात तो विषय मागे पडला.

लेक गेल्यानंतर, मॅरेथॉनची नोंदणी झाल्यावर, मी उत्साहाने त्याला फोन लावला. यंत्राचं सांगितलं. पाटीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. पोर कसंय विचारलं तर म्हणाला, "नाही राहिलं." मुकादमाकडून उचल घेतलेली होती, दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघावंच लागलं. पोर बघायला ठणठणीत दिसत होतं, खेळत होतं. गोळ्या होत्या त्या संपल्या. फडातून मुंबईला यायचं म्हणजे मजुरी बुडवायची आणि आल्यावर राहायचं कुठे? मी विचारलं, औषधांना पैसे कमी पडले का? तो म्हणाला, "औषध फुकटच व्हतं की, भाऊ. योजनेत बसलं व्हतं. ऱ्हायाची सोय न्हवती."

हे ऐकून माझं मत लगेच फिरलं असं नाही. उलट मला राग आला, त्याचाच. अर्ध्यावर सोडलंच कसं? हा आजार महिन्याभरात दिसेनासा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालवावे लागतात, पुढचा बराच काळ मुख्यतः गोळ्यांवर. त्या थांबवल्या तर आजार पुन्हा डोकं वर काढतो. हे त्यालाही सांगितलं होतंच ना? पण मग मी वाचायला लागलो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये साऱ्या जगासाठी जे उद्दिष्ट ठेवलं ते २०३० पर्यंत निदान ६० टक्क्यांचं. मधल्या अंतराची कारणं त्यांनी दिली आहेत: निदानाला उशीर, चुकीचं निदान, औषधांचा तुटवडा, आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार. माझ्या लेकीच्या बाबतीत औषध कमी पडलं. त्याच्या पोराच्या बाबतीत औषधाला कमी पडायची संधीसुद्धा मिळाली नाही.

मुंबईत राहण्याची ही अडचण ओळखून काम करणारे लोक आहेत. बाहेरगावाहून आलेल्या कॅन्सरग्रस्त मुलांना आईबापांसह विनाशुल्क ठेवून घेणारी सेंट ज्यूडची केंद्रं २००६ पासून चालू आहेत; प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि स्वतःचं अन्न स्वतः शिजवायची सोय. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे एकदा गेलो तेव्हा बाबांबद्दल लहानपणी ऐकलेलं आठवलं: कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. त्या दुःखातून धर्मशाळा उभ्या राहिल्या असं म्हणायचा मोह होतो. तसं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याच्या आधीचीच. तो घाव बसण्याआधीच त्यांना कळलं होतं की माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते. मला ते लेक गमावून आणि वर बीडच्या फोननंतर कळलं.

तरीही पाटीचं काय, हा प्रश्न सुटत नव्हता. अशा कुटुंबांच्या खोलीभाड्याला पैसे द्यायचे तर पाटी कुठे लावणार? महिना संपला की भाडं संपलं. तिच्या नावाचं काहीतरी उभं राहावं, कुणीतरी ते वाचावं, ही भूक खोटी नव्हती आणि आजही मी तिला खोटं म्हणणार नाही.

ती भूक भागली ती पेडर रोडला. जानेवारीतला तिसरा रविवार, पहाटे पाचला सीएसएमटीहून निघालेले आम्ही, सी लिंकवर उजाडलं, तिथवर सगळं ठीक होतं. यवतेश्वरच्या घाटात सराव केलेल्या माणसाला पेडर रोडचा चढ तो काय, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण परतीच्या वाटेवर, तिशीच्या पुढच्या किलोमीटरांना, तो उंचवटा घाटापेक्षा वाईट. पिंढऱ्यांत गोळे आलेले. माझ्या टी-शर्टवर छातीवर मोठ्या अक्षरांत तिचं नाव होतं, बाकी काही नाही. रस्त्याच्या कडेला लोक मीठ लावलेली संत्र्याची फोड, बिस्किटं, थंड पाणी घेऊन उभे होते. एका बाईंनी नाव वाचलं आणि ओरडल्या, "चला, चला, थांबायचं नाही!" आणि तिच्या नावाने हाक मारली. त्यांना वाटलं असावं की ते मुलींच्या शाळेचं किंवा संस्थेचं नाव आहे. शेजारच्या पोरांनी ते उचललं आणि चढ संपेपर्यंत अनोळखी माणसं तिला हाका मारत राहिली. मी पळत नव्हतो, कसाबसा चालत होतो. पण इतक्या लोकांनी तिला हाक मारलेली तिच्या आयुष्यातही मी ऐकली नव्हती. त्यानंतर पितळेच्या पाटीची ओढ राहिली नाही.

ते यंत्र घेतलं नाही. देणाऱ्यांना पत्र लिहून कळवलं की पैसे खोल्यांच्या भाड्याला, दुधाला, प्रवासखर्चाला जातील. रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, पण घरी ठेवता न येणाऱ्या धाकट्या भावंडाला आणि दुसऱ्या पालकाला कुठली? काहींनी पैसे परत मागितले, आणि मी दिले. आमच्या बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने स्पष्ट विचारलं, "भाडं म्हणजे दरवर्षीचंच की. मग शेवटी दाखवायला काय उरणार?" त्याला उत्तर देता आलं नाही. आवाहनातून यंत्राचं नाव वगळल्यापासून जमणारी रक्कम कमीच होते आहे, हे मान्य करतो. संशोधनाला पैसे देऊ नयेत असंही मी म्हणत नाही. आजार उलटलेल्या पोरीचा बाप ते कसं म्हणेल? माझ्या पायांनी जेवढे जमतात तेवढ्यांपुरतं बोलतो आहे.

यंदाच्या आवाहनात पहिल्या ओळीत खोलीचं भाडं लिहिलं आहे, लेकीचा उल्लेख पार खाली. बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "गॅस सिलिंडर राहिला. पाणी उकळायचं कशावर?" तो घालून पत्र उद्या छापायला देतोय.