शेजारचे विरजण

मराठी भाषेने विरजणावर थोडा अन्यायच केला आहे. कुणाचा उत्साह मावळला की आपण ‘त्यावर विरजण पडले’ म्हणतो. तीस वर्षे मुलांकडून हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करून घेताना मला त्यात काही खटकले नव्हते. खटकले ते २०२५ च्या जानेवारीत, आई दवाखान्यात असताना, आणि त्याला कारण मीच होतो.

आईला खोकला झाला होता. वय ब्याऐंशी. थंडीत दरवर्षी होतो तसाच खोकला. पण शाळेत परीक्षेची गडबड, डॉक्टरांकडे नेऊन दोन तास बसायला सवड नाही. मी एक जुनी चिठ्ठी शोधली, औषधाच्या दुकानात दाखवली आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. गुण येईना म्हणून त्यानंतर आणखी एक ‘भारी’ गोळी आणली, तीही माझ्याच अकलेने. शिवाय ‘दह्याने कफ होतो’ म्हणून आईची जेवणानंतरची ताकाची वाटी बंद केली. ती म्हणाली, ‘‘अरे, दह्यानं कुणाला काय झालंय?’’ मी हेडमास्तरच्या आवाजात गप्प केले.

खोकला आपल्या मुदतीने गेला, पण जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा वेळा. चौथ्या दिवशी आई उठून बसेना, तोंड कोरडे, हाक मारली तर नुसती बघे. रात्री साडेअकराला तिला दवाखान्यात दाखल केले. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटे हातात घेतली आणि विचारले, ‘‘ही कुणी दिली?’’

‘‘मीच,’’ म्हणालो.

ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘सर, एका मुलानं दंगा केला म्हणून तुम्ही सगळ्या शाळेला दाखले देऊन घरी पाठवता काय? आणि या खोकल्यात तर दंगा करणारा या गोळीला भिणाराच नव्हता.’’ खोकला विषाणूचा होता. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग होत नाही. उपयोग झाला तो फक्त आतड्यातली शाळा रिकामी करण्यासाठी.

ती शाळा केवढी असते, हे मला आमच्या विज्ञानाच्या बाईंनी नंतर सांगितले. मी मराठीचा एम.ए., माझे जीवशास्त्र दहावीतच संपले. एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. पूर्वी जिवाणू पेशींच्या दहापट असतात असे सांगत. २०१६ साली नीट हिशेब झाला तेव्हा ते जवळपास बरोबरीचे निघाले. या सगळ्यांचे वजन मात्र पावशेरही भरत नाही, २०० ग्रॅमच्या आसपास.

हे लोक तिथे फुकट राहत नाहीत. भाकरीतला, भाजीतला, कडधान्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार करतात. त्यातले ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. अलीकडे जिवाणू, पलीकडे आपले रक्त. म्हणून आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग या भिंतीला लागूनच वस्तीला असतो. कुणाला अडवायचे आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, याचे शिक्षण त्यांना तिथेच मिळते. प्रयोगशाळेत जन्मापासून जंतूविना वाढवलेल्या उंदरांमध्ये ही प्रतिकारयंत्रणा अर्धकच्ची राहते. बाई म्हणाल्या, ‘‘सर, मास्तर नसलेला वर्ग.’’ दवाखान्यात आणि शाळेत सगळेच माझ्याशी माझ्याच भाषेत बोलत होते.

आईला सलाइन लावले, मग साखर-मिठाचे पाणी, औषध बदलले आणि सोबत एका पावडरीच्या पुड्या दिल्या. त्या प्रोबायोटिकच्या. म्हणजे पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. शब्द नवा वाटला तरी कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने बल्गेरियातल्या खेडुतांचे दीर्घायुष्य त्यांच्या आंबट दह्याशी जोडले होते. रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी त्याला १९०८ चे नोबेल मिळाले, एर्लिकबरोबर विभागून. तो स्वतः रोज आंबवलेले दूध पीत असे आणि १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वारला. माझी आई ताकावर त्याच्या अकरा वर्षे पुढे गेली आहे. अर्थात त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

काय सिद्ध झाले आहे, हे मी हट्टाने बाईंकडून समजून घेतले, कारण पुड्यांच्या जाहिराती वाचल्या तर त्या सगळ्याच रोगांवर चालतात. सर्वांत मोलाचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर एक चाचणी झाली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळे पुरेशा किंवा जवळपास पुरेशा दिवसांची, २ किलो किंवा त्याहून जास्त वजनाची. काहींना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य म्हणून एक प्रकारची साखर असे सात दिवस दिले, बाकीच्यांना नुसती दिखाऊ पुडी. रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा दगावणे याचे प्रमाण शंभरात ९ होते, ते ५.४ वर आले. छातीचे संसर्गही कमी झाले. पोटात दिलेला जंतू आणि फायदा छातीला!

पण २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब झालेल्या मुलांना दुसऱ्या जातीचे जंतू देऊन पाहिले, तर दिखाऊ पुडीपेक्षा काही वेगळे घडले नाही. म्हणजे जंतू कोणता, कुणाला, कशासाठी, यावर सगळे अवलंबून. त्याच वर्षी इस्रायलमधल्या एका लहान अभ्यासात दिसले की अँटिबायोटिकनंतर अकरा जातींचे मिश्रण घेतलेल्यांचे मूळचे जिवाणू परत यायला उलट उशीर झाला. पाहुण्यांनी सगळ्या खोल्या अडवल्या तर घरच्यांनी कुठे यावे? दुसऱ्या बाजूला, अँटिबायोटिकबरोबरच काही ठरावीक प्रोबायोटिक दिल्यास जुलाबाचे प्रमाण घटते, असेही पुष्कळ चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आणि फारच अशक्त रोग्यांना मात्र हे जिवंत जंतू आपल्या मनाने देऊ नयेत. ‘आपल्या मनाने’ हे शब्द बाईंनी उच्चारले तेव्हा मी टेबलावरचे पेपर सारखे करत होतो.

आई नवव्या दिवशी घरी आली. पुड्यांनी बरी झाली, की गोळी थांबवल्याने, की सलाइनने? डॉक्टर म्हणाले, सलाइनने जीव वाचला. बाकीचे वाटून घ्या.

घरी येताच तिने ताक मागितले. आता डॉक्टरांचीही परवानगी होती. पण नऊ दिवस घराला कुलूपच होते. शिंकाळ्याची जागा फ्रिजने घेतली तरी विरजणाची वाटी ती वाटीच; तिच्यावर हिरवट बुरशी धरली होती. बायको म्हणाली, दुकानातून आणू. आई म्हणाली, ‘‘आक्काकडं जा.’’

त्याला एक जुना संदर्भ आहे. १९८६ चा जून. कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलेले, गोळीबार झालेला, बेळगावात दुकाने बंद आणि गवळी येईनासा झालेला. मी सतरा वर्षांचा. वडील प्रत्येक मोर्चात. शेजारच्या घरात नुकतेच विजापूरकडचे एक कुटुंब भाड्याने आले होते. नवीन लग्न झालेले, मराठीचा गंध नाही. चार-पाच दिवसांनी दूध आले त्या सकाळी ती मुलगी परसातल्या भिंतीपाशी वाटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘अव्वा, हेप्पु?’’ आईला कळेना. मग तिने दुधाच्या भांड्याकडे बोट करून ‘मोसरु, मोसरु’ म्हटले. मोसरु म्हणजे दही एवढे बेळगावात कुणालाही ठाऊक. आईने चमचाभर विरजण वाटीत घातले. वडील ओसरीवरून बघत होते. त्या दिवसांत तो शब्द कानावर पडला तरी त्यांच्या कपाळावर आठी येई. ते काही बोलले नाहीत. पेपर उलटला एवढेच.

त्यानंतर एका घरचे नासले की दुसऱ्या घरून आणायचे, हे इतके ठरून गेले की त्याचे कुणाला काही वाटेनासे झाले.

आक्का आता साठी ओलांडलेल्या. मला म्हणाल्या, ‘‘अव्वा घरी आल्या ना, तम्मा? घे की, आणि दूध कोमट हवं बघ, कढत नको. मरतात ते.’’ त्यांना लॅक्टोबॅसिलस हा शब्द माहीत नसावा.

ही आईच्याच विरजणाची परतफेड, असे मला त्या दिवशी फार वाटले. बाईंनी तेही टिकू दिले नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांत हजारो वेळा दूध बदलले, भांडी बदलली, हात बदलले. त्या वाटीतले जंतू आता त्या घरचेच म्हणायचे. शिवाय दह्यातले बरेचसे जठराच्या आम्लातच मरतात. उरतात ते थोडे दिवस राहून निघून जातात. म्हणून तर रोज खायचे. आणि कढीत एकही जिवंत उरत नाही, ती चवीसाठी खा.

मी आता रात्री स्वतः विरजण लावतो. करंगळी बुडवून दूध पाहतो. आई अंथरुणातून विचारते, ‘‘लावलंस?’’ आक्कांची वाटी अजून आमच्याच फडताळात आहे. रिकामी परत द्यायची नाही, असे आईने बजावले आहे. चकल्या झाल्या की नेऊन देईन.