अमाल्फीचे आडवाटेचे किनारे

कड्याला बिलगलेली पांढरी-गुलाबी घरे आणि खाली निळाशार समुद्र! इटलीच्या अमाल्फी किनाऱ्याचे हे दृश्य कॅलेंडरवर पाहिले नाही असे घर विरळाच. चित्रातले गाव बहुधा पोसितानो असते आणि उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. छत्री व दोन आरामखुर्च्यांचे दिवसाचे भाडे ऐकले, की कुटुंबप्रमुखाचा उत्साह तिथेच ओसरतो. पण नेपल्सच्या दक्षिणेला, पोसितानो ते विएत्री या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात बरेच काही आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्याच्या खाचाखोचांत अनेक लहान किनारे दडले आहेत.

कोकणातल्या लांबलचक पुळणीची सवय असलेल्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. येथे लाट्टारी पर्वत थेट समुद्रात उतरतो. जिथे ओढ्याने डोंगर चिरला, तिथेच मूठभर सपाटी तयार झाली. त्यामुळे किनारे चिमुकले, करड्या गोट्यांचे किंवा भरड वाळूचे असतात. रस्ता मात्र वर, डोंगराच्या कुशीत. खाली जायचे म्हणजे पायऱ्या, आणि याच पायऱ्या गर्दीला अडवतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखत असतील, तर किनारा निवडताना सौंदर्याआधी पायऱ्यांची चौकशी करावी.

मुक्कामासाठी पूर्वेकडचे सालेर्नो शहर सोयीचे. नेपल्सहून आगगाडीने पाऊण तासात पोहोचता येते आणि राहण्याचा खर्चही पोसितानोपेक्षा बराच कमी. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर येथून फेरीबोटी सुटतात. मोटार भाड्याने घेण्याचा मोह टाळलेला बरा. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. शिवाय २०२२ पासून उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या मोटारींना क्रमांकपट्टीच्या सम-विषम आकड्यांनुसार प्रवेश मिळतो.

बोटीचा एक थांबा चेतारा. हे अजूनही खरेखुरे कोळ्यांचे गाव आहे. बंदराजवळच्या छोट्या किनाऱ्यावर गावची मुले डुंबत असतात आणि पाठीशी जुना टेहळणी बुरूज उभा असतो. छोटे मासे मिठात मुरवून त्यांतून ठिबकणारा तांबूस अर्क ही इथली खासियत. २०२० मध्ये युरोपीय संघाने तिला खास दर्जा दिला. शाकाहारी मंडळींनी मात्र येथे सावध राहावे! हा अर्क घातलेली स्पगेटी दिसायला अगदी तेल-लसणाची साधी वाटते. ताटात मासा दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, विचारून घ्यावे.

चेताराच्या पुढे एर्किए ही मायोरी गावाची इवलीशी वाडी. बसमधून ती पटकन नजरेत भरत नाही, म्हणूनच शांत राहिली असावी. मुलांना घेऊन दिवसभर बसायला ही जागा उत्तम. फक्त एक काळजी घ्यावी. येथे काठापासून थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होते. लाटा लहान दिसतात, म्हणून मुलांना एकटे सोडू नये.

आत्रानीत मात्र सवडीने थांबावे. अमाल्फीपासून चालत दहा मिनिटांवर असूनही तिथली निम्मी गर्दीही इकडे फिरकत नाही. क्षेत्रफळ अवघे ०.१२ चौरस किलोमीटर, म्हणजे इटलीतील सर्वांत लहान नगरपालिका! हमरस्ता उंच कमानींवरून जातो आणि त्या कमानींखालून गावाच्या चौकातून थेट किनाऱ्यावर येता येते. चौकालगतच्या चर्चमध्ये एकेकाळी अमाल्फी प्रजासत्ताकाच्या प्रमुखांना अधिकारवस्त्रे दिली जात. डच चित्रकार एशर या गावाच्या प्रेमात पडला होता. १९३१ मध्ये त्याने त्याचे शिळाछाप चित्र काढले. एकावर एक रचलेली ती घरे आजही तशीच ओळखू येतात.

या गोजिरवाण्या गावाने एक भयंकर दिवसही पाहिला आहे. येथला ड्रागोने ओढा गावाच्या रस्त्याखालून समुद्राला मिळतो. ९ सप्टेंबर २०१० रोजी डोंगरात मुसळधार पाऊस झाला आणि चिखलपाण्याचा लोंढा मुख्य रस्त्यावरून मोटारी लोटत किनाऱ्यापर्यंत आला. त्यात एका तरुणीचा बळी गेला. ज्या ओढ्याने किनारा दिला, त्यानेच हा घाला घातला. पावसाळी शरद ऋतूत जाणाऱ्यांनी हवामानाचा इशारा क्षुल्लक समजू नये.

अमाल्फीच्या पश्चिमेला दुओल्यो लागते. रस्त्यापासून सुमारे चारशे पायऱ्या. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी अमाल्फीहून होडी करावी. त्यापुढचे फुरोरे म्हणजे उभ्या कड्यांमधली अरुंद फट, वर सुमारे तीस मीटर उंचीवर पूल. येथे ऊन पोहोचते ते माध्यान्हीच्या सुमारास. दरडींच्या भीतीने वाट कधीकधी बंद असते, तेव्हा आधी चौकशी करावी. नाही जमले तरी पुलावरून खाली डोकावण्यातही मौज आहे.

भाड्याच्या खुर्च्या नको असतील, तर 'स्पियाज्जा लिबेरा' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. तो सर्वांना खुला असलेला किनारा. तिथे आपली चटई पसरून बसायला पैसे पडत नाहीत. गोट्यांवर चालण्यासाठी रबरी बूट, पाणी आणि टोपी मात्र बरोबर हवी.

दिवसाची अखेर प्रायानोच्या गाविटेल्ला किनाऱ्यावर करावी. इतर बरेच किनारे दुपार कलताच डोंगराच्या सावलीत जातात. हा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने येथे ऊन सूर्यास्तापर्यंत रेंगाळते. समोर ली गाल्ली बेटे दिसतात. गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन तिथे राहत, अशी दंतकथा आहे. प्रसिद्ध नर्तक नुरेयेव्ह अखेरच्या वर्षांत याच बेटांचा मालक होता. दूरवर पोसितानोचे दिवे लागू लागतात आणि दिवसभर ज्याची गर्दी टाळली, ते गाव येथून फारच देखणे दिसते.

सान जेन्नारो चर्चजवळून खाली यायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि अंधारात त्याच चढायच्या असतात. शेवटची बस किती वाजता सुटते, ते उतरण्यापूर्वीच विचारून ठेवावे.