भिंगाचे वय

मानवी शरीरातील फार थोडे अवयव असे आहेत की ज्यांत जन्मापूर्वी घडलेला भाग मरेपर्यंत जागच्या जागी राहतो, आणि डोळ्यातील भिंग हा त्यांपैकी एक होय. बाहुलीच्या मागे एका पातळ पारदर्शक कोषात बसलेले हे भिंग प्रौढ वयात सुमारे 9 ते 10 मिलिमीटर व्यासाचे असते. त्वचेच्या जुन्या पेशी झडून जातात, पण भिंगाच्या नव्या पेशी जुन्यांवर थर चढवीत राहतात, त्यामुळे मातेच्या उदरात तयार झालेला गाभा आयुष्यभर मध्यभागीच दाबला जातो. भिंगात रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर प्रकाशाची वाट अडली असती. त्याचे पोषण डोळ्याच्या पुढच्या पोकळीत खेळणाऱ्या नेत्रजल नावाच्या द्रवातून होते. पारदर्शकतेसाठी भिंगाच्या आतल्या पेशी आपले केंद्रकही टाकून देतात, आणि म्हणून ऊन, रक्तातील साखर, औषधे व मार यांनी झालेली हानी त्यांना भरून काढता येत नाही.

भिंगाला पहिला धोका गर्भातच संभवतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये दाखवून दिले, की गरोदरपणाच्या आरंभी मातेला रुबेला हा साधा वाटणारा पुरळाचा ज्वर आला तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्माला येऊ शकते; भारतात 2017 पासून गोवर-रुबेलाची संयुक्त लस मोहीम स्वरूपात दिली जाऊ लागली, तिचे एक प्रयोजन हेही आहे. बाळाची बाहुली पांढुरकी दिसणे, त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर न ठरणे किंवा डोळे सतत थरथरणे ही लक्षणे ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणून सोडण्यासारखी मुळीच नाहीत. पाहणे हे मेंदू शिकतो, आणि त्या शिकण्याचा काळ मर्यादित असतो. जन्मजात दाट मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत काढला नाही, तर पुढे भिंग बदलूनही पूर्ण दृष्टी येत नाही. शिवाय पांढऱ्या बाहुलीमागे दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाशग्राही पडद्याचा, कर्करोगही असू शकतो, आणि तेथे विलंब जिवावर बेततो.

शाळकरी वयात भिंग अत्यंत लवचीक असते. दहा वर्षांचे मूल जेमतेम सात-आठ सेंटीमीटरवरची अक्षरेही स्पष्ट पाहू शकते, कारण भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावताच भिंग फुगीर होऊन आपली शक्ती वाढवते. हेच सामर्थ्य तपासणाऱ्याला चकवते: मुलाचा दूरदृष्टिदोष भिंग स्वतःच झाकून टाकते, आणि म्हणून स्नायूला काही काळ शिथिल करणारे थेंब घालून केलेली तपासणीच विश्वसनीय ठरते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मूल तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा सारे निभावून नेतो. अशा दुर्लक्षित डोळ्याला आलेला मंदपणा सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास बराच सुधारतो, नंतर ते अवघड होत जाते. तिरळ्या डोळ्यालाही असाच मंदपणा येऊ शकतो, म्हणून तिरळेपणा शुभलक्षण मानण्याची समजूत घातक आहे. विटी-दांडूतील विटी किंवा दिवाळीचा फटाका डोळ्याला लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी आत भिंगाला धक्का बसून काही दिवसांनी वा वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो, त्यामुळे दुखणे थांबले म्हणजे डोळा वाचला असे समजू नये.

चाळिशीच्या सुमारास भिंग इतके ताठर होते, की वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते. हा रोग नव्हे, वयाचा सार्वत्रिक धर्म आहे. तरी या टप्प्यावर होणारी चूक सर्वांत महाग पडते असे म्हणावेसे वाटते. बाजारातून तयार चष्मा उचलला की वाचता येते, आणि डॉक्टरकडे जाण्याचे जे एक स्वाभाविक निमित्त होते तेच हातचे जाते. याच वयापासून काचबिंदूचा संभव वाढतो. या विकारात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते, बहुधा डोळ्यातील दाब नसेला सोसवेनासा झाल्यामुळे. प्रथम कडेची दृष्टी जाते, मधली दीर्घकाळ शाबूत राहते, वेदना बहुतेकदा नसते, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी तर चाळिशीची वाटही पाहू नये. मधुमेहाचेही असेच आहे. साखर चढउतार करू लागली की भिंग फुगते-ओसरते आणि चष्म्याचा नंबर काही आठवड्यांत बदलतो. अशा वेळी नवा चष्मा घेण्याआधी रक्त तपासावे. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदान होताच आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहून घ्यावे, कारण तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या नजर उत्तम असतानाच गळू लागलेल्या असतात.

साठीच्या आसपास, काहींना त्याआधीही, भिंगातील प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे गढूळ होऊ लागतात. यालाच मोतीबिंदू म्हणतात. गाभा घट्ट झाल्याने भिंगाची शक्ती वाढते आणि कित्येक वृद्धांना काही काळ चष्म्याविना वाचता येऊ लागते, तेव्हा घरात आनंद होतो, पण ती बहुधा मोतीबिंदूचीच सुरुवात असते. डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातल्यासही मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही ओढवतात.

मोतीबिंदूवर उपाय म्हणजे शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढणे. नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडले यांनी लंडनमध्ये 1949 साली डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेसारख्या ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यापूर्वी शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगांचा चष्मा अटळ होता. आता मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. वाचन, स्वयंपाक वा रस्ता ओलांडणे अडू लागले की शस्त्रक्रियेची वेळ झाली. तरीही घरातील वृद्ध स्त्रिया वाट पाहत राहतात, कारण त्यांच्या न दिसण्याची निकड कोणाला वाटत नाही, आणि ही वैद्यकापेक्षा कुटुंबाची उणीव आहे. पिकू दिलेला मोतीबिंदू फुगून नेत्रजलाचा निचरा अडवतो, तेव्हा डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, असह्य डोकेदुखी व उलट्या होतात आणि घरचे पित्त समजून औषध देतात. हा त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचा प्रसंग असतो. एकाएकी विजा चमकल्यासारखे दिसणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे, एका बाजूने सावली सरकत येणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची चिन्हे होत, तेथेही एक दिवसाचा उशीर करू नये. चुना डोळ्यात गेला तर मात्र डॉक्टरकडे निघण्याआधीच स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वेदना, लाली वाढली आणि दृष्टी घटली, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण मानून तत्काळ डॉक्टरकडे परतावे. महिन्या-वर्षांनी दृष्टी पुन्हा धूसर झाली, की ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हटले जाते. वस्तुतः कृत्रिम भिंगाला मोतीबिंदू होत नाही, जुन्या भिंगाचा मागे ठेवलेला कोष गढूळ होतो, आणि लेसरने त्यात मध्यभागी छिद्र पाडण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु अशीच धूसरता मधुमेहाने दृष्टिपटलाला आलेल्या सुजेमुळेही येते, म्हणून लेसरपूर्वी बाहुली मोठी करून तो पडदा तपासून घेण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरावा.