नितळ पाण्यातील मरळ

माझे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. तेथला मासा जाळ्यातूनच घरी येई. पाण्यात पोहणारा मासा डोळ्यांनी पाहून धरावयाचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. ते मी शिकलो नीराकाठच्या सांगवीत, बारामती तालुक्यात, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर. तेथील एका ऊसबागायतदाराच्या घरी माझे जाणे-येणे आहे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही म्हणतो. त्यांच्या शेतामागे मुरमाची एक जुनी खाण आहे आणि तिच्यात मरळ आहेत.

बारामती-इंदापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. येथली हिरवळ आकाशातून आलेली नाही. १८८५ च्या सुमारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याने ती आणली. त्याच पाण्याचा पाझर मुरमातून गाळला जाऊन खाणीत उतरतो. ओढा मिळत नाही, गाळ येत नाही. त्यामुळे ऐन श्रावणात नीरा तांबडी होऊन वाहत असते, तिकडे इंदापूरकडे उजनीचा फुगवटा हिरवट दिसतो, आणि या खाणीचा तळ मात्र पुरुषभर खोलीवरूनही दिसतो. मरळीच्या पाठीवरचे पट्टे मोजून घ्यावेत!

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या तळ्यांत बास नावाचा मासा धरण्याचा त्याला छंद. त्याने मला कृत्रिम आमिषांची एक पेटी आणून दिली : रबरी बेडूक, चकाकते चमचे, खुळखुळणारे मासे. मी अर्थातच सर्वांत भडक, पिवळाधमक बेडूक उचलला. मरळ झेपावून आली, बेडकापासून वीतभर अंतरावर थांबली, त्याला नीट न्याहाळले आणि शांतपणे वळून गेली. असे चार वेळा झाले. पाचव्या खेपेस ती आलीच नाही.

आबा बांधावरून पाहत होते. म्हणाले, “फादर, पांढरा झगा घालून काठावर उभं राहिल्यावर मरळ कशी गावंल? तिला तुम्ही देवळाच्या दारात उभं असल्यागत दिसताय.”

ते शब्दशः खरे होते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वळतो, त्यामुळे क्षितिजापर्यंतचे सर्व काही सुमारे ९७ अंशांच्या त्या झरोक्यात दाटून येते. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्यात स्पष्ट दिसतो. मागे सरून बसलेला माणूस झरोक्याच्या कडेला चेपला जाऊन जवळजवळ नाहीसा होतो. गढूळ पाण्यात ही चिंता नसते. तेथे मासा वासावर आणि पाण्याच्या थरथरीवर येतो, म्हणून भडक रंग आणि खुळखुळाट कामी येतात. नितळ पाण्यात तेच अंगाशी येते.

मग मी मातकट रंगाचा सदरा घातला. काठापासून पाच-सहा पावले मागे, गुडघ्यांवर. पेटीतला सर्वांत लहान, तपकिरी-हिरवा बेडूक निवडला. मरळीसाठी पीळदार जाड दोरा लागतो, पण तो तिला दिसतो. म्हणून त्याच्या टोकाला हातभर फ्लुरोकार्बनचे तंगूस बांधले. फ्लुरोकार्बनमधून प्रकाश जवळजवळ पाण्याइतकाच वळतो, त्यामुळे ते चटकन नजरेस येत नाही. बेडूक माशाच्या डोक्यावर न टाकता पलीकडे टाकावा, हळू ओढावा आणि मध्येच निश्चल सोडावा. ही निश्चलता मला सर्वांत कठीण गेली. उन्हे वर येण्यापूर्वीची वेळ उत्तम. दुसऱ्या आठवड्यात पहिली मरळ लागली आणि आबांच्या घरी कालवण झाले.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पाण्यावर एक लालसर डाग हलताना दिसला. त्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी थरथर होत होती. ती मरळीची पिले होती. मरळीला वरची हवा घ्यावीच लागते, पिलांनाही. खाली सावलीसारखी मोठी मरळ फिरत होती. मी बेडूक टाकला. ना थांबणे, ना न्याहाळणे; तिने तो तत्क्षणी फोडला. माझ्या कौशल्याचा मला अभिमान वाटला. वास्तविक तेथे कौशल्याचा प्रश्नच नव्हता. पिलांपाशी आलेल्या कशावरही ती तुटून पडते. त्यात भूक नसते.

जेवताना आबांनी विचारले, “पिलांवरची व्हती व्हय?” मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. वाटी मात्र बाजूला सारली. पिलांना आईबाप दोघेही राखतात, अशी मी मनाशी समजूत घातली. सकाळी जाऊन पाहिले. लाल डाग विस्कटून चार ठिकाणी झाला होता आणि वरच्या दगडावर खंड्या बसला होता. चौथ्या दिवशी डाग नव्हता.

वसईला नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात जात नसे. का, ते मी लहानपणी कधी विचारले नव्हते.

यंदा भाचा आला होता. त्याच कोपऱ्यात पुन्हा लाल थरथर होती. “मामा, ही तर हमखास लागेल,” तो म्हणाला. मग स्वतःच थांबला. बासचा नरही असाच घरट्यावर राखण करतो, आणि विणीच्या दिवसांत त्याला धरण्यावर तिकडे काही राज्यांत निर्बंध असतात, असे त्याने सांगितले. मी त्याला पलीकडच्या करंजाच्या सावलीत बेडूक टाकावयास सांगितले. तेथल्या मरळीने त्याला दिवस मावळेपर्यंत वीतभर अंतरावरून न्याहाळले.

रात्री आबांच्या घरी पिठलं-भाकरी होती.