कांदा तुडवणाऱ्यांचं गाव

पोरगा जर्मनीत नोकरीला, म्हणून आम्ही दोघं बांबर्गला दोन दिवस फिरून आलो. रेग्निट्झ नदीच्या मधोमध जुनी नगरपालिका, टेकडीवर चार मनोऱ्यांचं चर्च. जुनं गाव १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

तिथली धुराची बिअर चाखली. मोड आणलेली बार्ली बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, तोच वास बिअरला उतरतो. एक घोट घेऊन मालकीण म्हणाली, "अहो, हा तर चुलीचा धूर!" दुसऱ्या ग्लासाला मात्र नको म्हणाली नाही.

मन रमलं ते माळ्यांच्या वस्तीत. बांबर्गकरांचं टोपणनावच 'कांदातुडवे'. पायाला फळ्या बांधून कांद्याची पात तुडवायचे, म्हणजे गड्डा पोसतो. आपण ड्रम फिरवून माना पाडतो, तेच. रस्त्यावरून नुसती घरं दिसतात, मागं भर गावात भाजीचे वाफे. माळी कुटुंबं मोजकीच उरलीत, पण ती जमीनही वारशात धरलीय.

आपल्याकडं तालुक्यालगतची काळी जमीन आधी एनए होते, मग प्लॉट पडतात. वाडे जपू म्हणणारे पुष्कळ आहेत, वाफे कोण जपणार? तुमच्या गावालगत किती शिवार उरलंय, सांगा.