पहिले पंधरा दिवस

रत्नागिरी,
22 मार्च

प्रिय बायो,

इकडे लाडक्या मुलीला 'बायो' म्हणतात. तू आता इकडची होणार, म्हणून आजपासून मीही तुला याच नावाने हाक मारते.

सहायक कृषी अधिकारी म्हणून तुझी नेमणूक रत्नागिरी तालुक्यात झाल्याचं दादाने कळवलं. खूप आनंद झाला. पण त्याचं एक वाक्य मनातून जात नाही. "आकडे बघितले मी. एप्रिलच्या दुपारी महाबळेश्वर आणि रत्नागिरीच्या पाऱ्यात दोन-चार अंशांचा फरक. पोरीला काही त्रास होणार नाही." आकडे खरे आहेत, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. 1996 च्या मे महिन्यात मीही महाबळेश्वरहून खाली इकडे आले आणि चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडले. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हे पत्र. फोनवर बोललेलं विसरायला होतं. कागद पुन्हा काढून वाचता येतो.

तू आंबेनळी घाट उतरशील, पोलादपूरला गाडीतच स्वेटर काढशील. साडेचार हजार फुटांवरून माणूस दीड-दोन तासांत खाली येतो. शरीराला तेवढं अंतर तोडायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे दुपार कितीही तापली तरी रात्री पांघरूण लागतं, आणि दिवसभर तापलेलं अंग रात्रीत निवतं. इथे मे महिन्यातली पहाटही पंचवीस-सव्वीस अंशांची, आणि दमट. अंगाला विसावा असा मिळतच नाही. किनाऱ्यावरचा उन्हाळा दुपारी तर भेटतोच, पण तो खरा कळतो रात्री.

शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना माठाचं उदाहरण देत असे, तेच तुला सांगते. माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही माठच. एक लिटर घाम पुरता वाळला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. पण तो वाळला पाहिजे. इथल्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की ती तुझा घाम सहज उचलत नाही. तो हनुवटीवरून ओघळतो, पाठीवरून वाहतो आणि जमिनीवर पडतो. असा ओघळून गेलेला घाम तुला गार करत नाही. पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो. म्हणूनच हवामान खातंही सगळीकडे एकच मोजपट्टी लावत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून सुरू होतो, किनाऱ्यावर 37 पासून आणि डोंगराळ भागात 30 पासून. 16 एप्रिल 2023 चं खारघर तुला आठवत असेल. तिथे एका सोहळ्यासाठी उघड्या मैदानावर भर उन्हात लाखो माणसं तासन्‌तास बसली होती. पारा 38 च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही. त्या दिवशी 14 माणसं गेली.

आता माझी गोष्ट. लग्नानंतरचा चौथा दिवस. अंगणात झापांच्या मांडवाखाली आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं. नव्या सुनेने मागे राहू नये म्हणून मीही पेंढा पसरत बसले. सकाळपासून डोकं ठणकत होतं, ते कुणाला बोलले नाही. तहान लागली की तांब्याभर पाणी घटाघटा पीत होते. अकराच्या सुमाराला पोटऱ्यांत गोळे आले, मळमळलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. सासूबाईंनी मला ओटीवर निजवलं, मानेवर आणि काखेत ओले पंचे ठेवले, जावेने पंख्याने वारा घातला. मी शुद्धीवर येऊन नीट बोलू लागल्यावर त्यांनी मीठ आणि साखर घातलेलं आमसुलाचं पाणी घोट-घोट पाजलं. म्हणाल्या, "अगं, घामाबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी पिऊन कसं भागेल?"

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. मीच नाजूक, या घरात माझा निभाव लागणार नाही, असं वाटलं. मला हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून आज तुला सांगते. तो नाजूकपणा नव्हता. शरीराला अजून ते काम येत नव्हतं, आणि शरीर ते काम शिकतं. रोज थोडा थोडा उकाडा सोसला की एक ते दोन आठवड्यांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्याच कामाला हृदय पूर्वीइतकं धडधडत नाही, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो. शिवाय त्यातून मीठ कमी जातं. पण ही शिकवणी पुरी होण्याआधी जो अंगमेहनत करतो, त्याला धोका सगळ्यांत मोठा. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याचा अनुभव असा, की उघड्यावर काम करताना उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणून त्यांचा नियम आहे: नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्साच करावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं.

तेव्हा पहिले पंधरा दिवस माझं ऐक. बागांच्या पाहणीला सकाळी लवकर निघ. अकरा ते चार उन्हात जाऊ नकोस, आणि हे साहेबांना पहिल्याच दिवशी मोकळेपणी सांग. दुपारची विश्रांती हा इथे आळस नाही. या हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी ठरवलेला नेम आहे. सकाळी मऊ भाताची पेज आणि मिठातल्या कैरीची फोड खाऊन निघालीस तर पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही पोटात जातील. बरोबर आगळाचं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक ठेव. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समज.

कपडे सुती, सैल. दोन वेळा आंघोळ कर. घामोळ्यांवर तेल किंवा जाड क्रीम चोपडू नकोस, त्याने घामाची तोंडं आणखी बुजतात. खोली घेताना समोरासमोर खिडक्या आहेत ना, एवढं आधी बघ. कूलर घेऊ नकोस. तो कोरड्या मुलखाचा, इथल्या ओल्या हवेत आणखी ओल भरतो. इथे हवा हलली पाहिजे. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीवरून मतलई वाहते. या दोन्हींच्या मधे, तिन्हीसांजेनंतर, वारा पडतो आणि पानही हलत नाही. ती वेळ सगळ्यांत जड जाते. तेव्हा स्वयंपाकाला उभी राहू नकोस, तो सकाळीच उरक.

एक मात्र कायम ध्यानात ठेव. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो साधा थकवा नाही, उष्माघात आहे. मग घाम येत असला तरी गाफील राहायचं नाही. सावलीत ने, अंगावर पाणी ओत, वारा घाल, 108 ला फोन कर. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नकोस.

शिकलेलं हे शरीर विसरतंही. महिनाभर माहेरी राहून परतले की मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं. आता परतल्यावर मी आठवडाभर कामं निम्मीच करते, आणि घरातही ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी एक मागणं आहे, आणि पत्र लिहिण्याचं अर्धं कारण तेच. इथल्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळहून माणसं येतात. बरीचशी पावसाळा सरल्यावर येतात, पण काही ऐन हंगामात पोचतात आणि दुसऱ्या दिवशी झेला हातात घेऊन झाडावर चढतात. ती आपल्यासारखीच डोंगरातली. मला ओटीवर निजवायला सासूबाई होत्या, तुला मी आहे. त्यांचं इथे कुणी नाही. तुझ्या शब्दाला बागेत मान असेल. कलमांवरचा तुडतुडा बघायच्या आधी त्यांना एकच प्रश्न विचार: "इथे येऊन किती दिवस झाले?" पंधरा झाले नसतील तर मालकाला सांग, यांना सकाळचंच काम द्या, पाण्याबरोबर मीठ द्या, दुपारी सावलीत बसू द्या. एवढं प्रत्येक बागेत न चुकता कर.

तुझी,
आत्या