भाच्याची मोठी गाडी आणि माझी सही



मागच्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. बस्तीतून घरी आले तर मुलगा जेवणाच्या टेबलावर बँकेचे कागद मांडून बसलेला. म्हणाला, "आई, हात धुऊन ये. इथं तुझी सही लागेल."

आमचं सांगलीचं घर सासऱ्यांनी माझ्या नावावर केलंय. ते तारण ठेवून मुलाला कर्ज हवं होतं. ऑफिसच्या जागेचं कर्ज आधीच डोक्यावर, म्हणून घर. आणि कर्ज कशासाठी, तर गाडीसाठी. रस्त्यावर येईपर्यंत ६५ लाखांची गाडी.

मुलगा सीए आहे. हे करसल्लागार होते, त्यांचंच ऑफिस तो पुढे चालवतो. ह्यांनी सगळी कामं स्कूटरवर केली. नंतर एक लहान मारुती घेतली, तीच मुलगा चालवत होता. त्या मारुतीतून तो कुपवाड एमआयडीसीत एका कारखानदाराकडे गेला होता. वॉचमननं गाडी आत घेऊ दिली नाही. उन्हातून चालत गेला, वीस मिनिटं बाहेर बसला. मालकानं बोलता बोलता विचारलं, "आमच्याएवढं मोठं काम झेपेल ना तुम्हाला?" आठ दिवसांनी कळलं, काम दुसऱ्याला गेलं.

मुलाचं म्हणणं, ते काम गाडीनं घालवलं. "आई, डॉक्टर बोर्ड लावतो, दुकानदार पेपरात जाहिरात देतो. आम्हाला काम मागत फिरायची बंदी. मग माणूस आम्हाला कशावरून जोखणार? गाडीवरूनच." फोनवर वाचलेला एक प्रयोगही त्यानं ऐकवला. १९६८ साली अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तो केला होता. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही. कधी गाडी भारी असायची, कधी जुनी स्वस्तातली. जुन्या गाडीमागे लोक लवकर हॉर्न वाजवायचे. भारी गाडीमागे जास्त वेळ गप्प थांबायचे.

मला ते खोटं वाटलं नाही. आपणही लग्नकार्यात तेच करतो. मोठ्या गाडीतून कोणी उतरलं की आपण खुर्चीवरून उठतो. एसटीनं आलेल्या आत्याबाईंना बसल्या जागी "या या" म्हणतो.

पण मी साताऱ्याची बी.कॉम. आहे, धनंजयराव गाडगीळ कॉलेजची. हिशेब मांडल्याशिवाय सही होत नाही. ५० लाखांचं कर्ज, सात वर्षं, महिना ८० हजारांच्या वर हप्ता. मुलगा म्हणाला, "घसारा मिळतो ना." मिळतो, मोटारीवर १५ टक्के. म्हणजे तीन वर्षांत ६५ लाखांची गाडी वहीत ४० लाखांच्या आत येते. त्यावर कर वाचतो तो रुपयाला तीस पैसे. उरलेले सत्तर आपल्याच खिशातले. असल्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दुसरा कोणी विचारायला आला तर तो हेच सांगतो. स्वतःची पाळी आली की आपल्या सगळ्यांचं गणित कच्चं होतं.

मी म्हटलं, "पर्व संपू दे. मग बोलू."

क्षमावणीला पुण्याहून भाचा आला, स्वतःची मोठी गाडी घेऊन. दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी मुलगा तीच गाडी घेऊन कुपवाडला दुसऱ्या एका पार्टीकडे गेला. वॉचमननं सलाम ठोकला, गेट उघडलं. मालक केबिनबाहेर आले, चहा झाला. मुलगा दुपारी हसत घरी आला. "बघितलंस?"

संध्याकाळी गाडी ऑफिससमोर उभी होती. मी ह्यांचा डबा द्यायला गेले होते. ऑडिटचे दिवस, ३० सप्टेंबर जवळ आलेला, आणि हे अजूनही हौसेनं तिथे जाऊन बसतात. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून डबा मीच नेते. तेवढ्यात तासगावकडचे एक जुने क्लायंट आले. द्राक्षबाग आणि खतांचं दुकान. ह्यांच्या स्कूटरच्या काळापासूनचे. दारात थांबून त्यांनी गाडी पुढून मागून बघितली. आत आले, पाणी प्याले आणि हळूच म्हणाले, "सायेब, गाडी लई भारी घेतलासा. आमची फी तेवढी हाय तीच ऱ्हाऊ द्या. यंदा पावसानं बागंचं काय खरं न्हाई."

गाडी पाहुण्यांची आहे असं सांगितल्यावर ते मोकळं हसले. पण मुलाचा चेहरा उतरला तो मी बघितला.

तीच गाडी, तोच दिवस. कारखानदाराला ती बघून भरवसा वाटला आणि शेतकऱ्याला धाकधूक. त्या रात्री मी जागीच होते, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दोघंही आमची गाडी बघतच नव्हते. दोघंही तिच्यात आपला रुपया शोधत होते. एकाला वाटलं, याच्याकडे एवढं आहे म्हणजे माझं काम सुरक्षित. दुसऱ्याला वाटलं, ह्या चाकांत माझीच फी गेली.

मग मला कर्मवीर अण्णा आठवले. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला ते आठवणारच. भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. घराणं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जैन. तरुणपणी ते विक्रेते होते. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर त्यांनी विकले. म्हणजे समोरचा माणूस आपल्याला कसा जोखतो हे त्यांना पक्कं माहीत असणार. त्याच माणसानं १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात बोर्डिंग चालवलं आणि खादी घालून, अनवाणी पायांनी गावोगाव मदत मागितली. कोणी धान्य दिलं, कोणी पैसे, कोणी जागा. बोर्डिंगात पोरांना घालायला काही उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ साली गांधीजी ते बोर्डिंग बघायला साताऱ्यात आले.

देणाऱ्यानं त्या अनवाणी पायांत काय बघितलं असेल? तेच, आपला रुपया. तो कुठे अडकला नाही, सरळ पोराच्या ताटात गेला, एवढं त्याला दिसलं.

यावरून कोणी म्हणेल, मग सीएनं अनवाणी फिरावं का? अजिबात नाही. अण्णांचं अनवाणी चालणं खरं होतं म्हणून शोभलं. आम्ही क्लायंटला दाखवायला मुद्दाम जुनी गाडी ठेवली तर तीही मायाच, ६५ लाखांच्या गाडीसारखीच. आर्जव म्हणजे सरळपणा. जे आहे ते दिसावं, नाही ते दिसू नये. आपल्या धर्मानं गृहस्थाला गाडी घेऊ नको असं सांगितलेलं नाही; परिग्रहाचं परिमाण ठरव, एवढंच सांगितलं. आणि ते परिमाण शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरत नाही.

सकाळी मुलाला सांगितलं, "माझी सही नाही मिळायची. तुझ्याकडे आहे त्यातून दिसेल तेवढी गाडी घे."

चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. आमटीत मीठ कमी होतं तरी मागितलं नाही. मलाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तिशी-पस्तिशीच्या मुलाला उन्हात गेटबाहेर उभं केलं, हे कुठल्या आईला सहन होतं? सही करून टाकावी असं दोनदा वाटलं. पाचव्या दिवशी हेच त्याला म्हणाले, "२०१९च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आपण पार्ट्यांच्या फायली डोक्यावरून वर नेल्या. त्यातला एकही माणूस आजवर आपल्याला सोडून गेलेला नाही. त्यांनी तेव्हा गाडी कुठं बघितली?" मुलगा काही बोलला नाही, पण त्या दिवशी त्यानं मीठ मागितलं.

दिवाळीत गाडी घेतली, १४ लाखांची. निम्म्याहून जास्त पैसे रोख भरले. स्वच्छ आहे, एसी चांगला आहे, माझे गुडघे नीट मावतात. कुपवाडचे वॉचमन आता आत सोडतात. ते पहिलं काम मात्र गेलं ते गेलंच. ते काही परत आलं नाही. तोटा तोट्याच्याच बाजूला लिहायचा असतो.

एक नवीन गोष्ट मुलानं आपणहून सुरू केली. नवीन माणूस आला की पहिल्याच भेटीत काय काय काम करणार, त्याची यादी आणि प्रत्येक कामाची फी लेखी देतो. माणसाला आपला रुपयाच बघायचा असेल, तर तो कागदावर बघू दे.

तासगावच्या क्लायंटनीही नवी गाडी बघितली. म्हणाले, "ही झ्याक हाय." फीचं नाव काढलं नाही.

घराचे कागद माझ्या कपाटात आहेत, पैठणीखाली.

जय जिनेंद्र.